डब्यावरचं कथील आणि वसंताचं लग्न

एका ठिकाणी आठ-दहा वर्षं नोकरी केली की किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही हो! कपाटावर जुन्या फायली टाकत जातो ना आपण, तसं होतं ते. एक ओढायला जावं तर चार डोक्यात पडतात. परवा एका मुंजीत भाचीने विचारलं, "मावशी, तू रोह्याला नक्की काय करायचीस गं?" झालं! पंगत उठली, खुर्च्या आवरल्या, मांडववाला येऊन उभा राहिला, तरी मी बोलतच होते.

तर आधी काय करायचे ते सांगते. नव्वद सालानंतरची गोष्ट. राहायला मी पेणला, रामवाडीत, आणि रोज एसटीने रोह्याला. तिथे इंडस्ट्रियल एरियात आमची छोटीशी कंपनी. तेलाचे, बिस्किटांचे डबे ज्या पत्र्याचे करतात त्याला कथलाचा पातळ मुलामा असतो, गंजू नये म्हणून. डबे कापताना उरलेल्या कातरणाचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. आम्ही ते गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचो, करंट सोडायचो आणि कथील काढून घ्यायचो. कथील एकाला विकायचं, लोखंड दुसऱ्याला. याला इंग्रजीत डिटिनिंग म्हणतात. कल्हईच्या बरोबर उलट!

कंपनीत बाई मी एकटीच. टायपिंग मी, फोन मी, हजेरी मी, आणि मॅनेजरसाहेबांचं ऐकून घेणं तेही मीच. साहेब म्हणजे अभ्यंकर, पुण्याचे. विद्वान माणूस, पण समोर खांब असला तरी त्याला प्रोसेस समजावून सांगतील. आणि टाकीवर वसंता. वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या घरातला. कामाला वाघ, स्वभावाला गाय. वय एकोणतीस आणि लग्न व्हायचं होतं. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं सगळं त्यापायीच घडलं.

*

आमचं काम कुणालाच कळायचं नाही. सकाळच्या गाडीचा कंडक्टर रोजचा ओळखीचा. एकदा गाडी रिकामी होती म्हणून शेजारी येऊन बसला.

"मॅडम, एक विचारू? हे कथील पत्र्याला लावतात कुठं?"

"कुठल्या कुठल्या मोठ्या कारखान्यात."

"आणि तुम्ही ते इथं काढता?"

"हो."

"दुसरं काय करत नाय?"

"नाही."

तो तिकिटाचा पंच टकटक वाजवत विचार करायला लागला. नागोठण्याला चार माणसं उतरली, सहा चढली, त्याने सगळ्यांना तिकिटं दिली आणि परत माझ्यापाशी आला.

"मग त्यांना एक कार्ड टाका ना सरळ! लावूच नका म्हणावं!"

मी साहेबांना हे सांगितलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना आत पाठवा एकदा. मी समजावतो."

*

साहेबांनी पन्नास वेळा बजावलं होतं, टाकीच्या कठड्यावर काही ठेवायचं नाही. पण टाकी गरम, आणि जेवणाचा डबा गार! वसंता रोज सकाळी डबा कठड्यावर ठेवायचा, दुपारी भात वाफाळता मिळायचा. डबा अल्युमिनियमचा. आणि अल्युमिनियम अन् कॉस्टिक यांचं नातं तुम्हाला ठाऊक नसेल, तर वसंतालाही नव्हतं.

एके दिवशी धक्का लागला आणि डबा गेला आत. टाकी अशी फसफसली म्हणता! सोड्याच्या हजार बाटल्या एकदम फुटाव्यात तशी. वसंता काठीने ढवळतोय, डबा शोधतोय. साहेब धावत आले. मला वाटलं आता बिचाऱ्याची धडगत नाही. तर साहेब आनंदाने ओरडले, "वसंता, हायड्रोजन! हा बघ शुद्ध हायड्रोजन! कुणी विडी ओढू नका रे!"

संध्याकाळी टाकीतून निघाली ती डब्याची स्टीलची कडी. तेवढीच. वसंता ती खिशात घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई गेटवर हजर! काष्ट्याचं लुगडं, कमरेवर हात. "कुठं हाय ती टाकी? मना दाखवा!" वॉचमन घाबरून तिला थेट माझ्याकडे घेऊन आला. मी टाकी दाखवली. म्हातारी पाच मिनिटं टाकीकडे बघत उभी राहिली.

"बाय, भाजी खाल्ली, भात खाल्ला, समजलं. पण डबा?"

मग ऑफिसात बसली आणि एकदम पदर डोळ्याला लावला. "याच्या पाठच्या दोघांना पोरं झाली गो. याला कोन पोरगी देत नाय. काय काम करतो विचारलं तर याला सांगता येत नाय, मना तर नायच नाय. मी हाय तोवर याचं घर वसू दे. तू शिकलेली हायस, तू बघ काय ते."

मला गलबलून आलं. मी म्हटलं, "आई, वसंताचं लग्न मी जमवते!" बोलून बसले आणि पुढची दोन वर्षं मला शनिवार-रविवार राहिला नाही.

*

पहिलं स्थळ पेणजवळच्याच एका गावातलं. वसंता, त्याची आई आणि मी. मुलीचा बाप ओटीवर बसलेला, तोंडात पान.

"मुलगा काय करतो?"

मी तयारीने गेले होते. पत्रा, कथील, टाकी, करंट, सगळं सोपं करून सांगितलं. बाप मान डोलवत ऐकत होता.

"म्हंजे कल्हईवाला."

"नाही हो. कल्हईवाला लावतो. हा काढतो."

"काढतो?"

"काढतो."

"आमच्याकडं वर्षाचा कल्हईवाला येतो, त्याला पायलीभर तांदूळ देतो आम्ही. लावतो म्हणून देतो. काढणाऱ्याला कोन काय देईल?"

"कंपनी पगार देते ना!"

बापाने वसंताकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अगो, ते मोठं पातेलं बाहेर हाय ना? आत घे!"

*

यावर साहेबांनी उपाय काढला. म्हणाले, "आपण त्याला डेझिग्नेशनच देऊ. वजन पडेल." मी कंपनीच्या लेटरहेडवर झोकात टाइप केलं, 'सिनियर डिटिनिंग ऑपरेटर'. खाली साहेबांची सही, वर गोल शिक्का. ते पत्र रोह्यातल्या एका स्थळाकडे धाडलं. मुलीचा थोरला भाऊ हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा, म्हणजे कळणाऱ्याच्या हातात पडणार याची आम्हाला खात्री!

आठ दिवसांनी मास्तरांचं उत्तर आलं. अक्षर असं वळणदार की फ्रेम करावी. लिहिलं होतं:

'आपले पत्र पोचले. शाळेतील व घरची अशा दोन्ही डिक्शनऱ्या पाहिल्या. डिटर्जंट आहे. डिटोनेटर आहे. मध्ये आपले काहीच नाही. तरी मुलगा साबणाच्या कामात आहे की सुरुंगाच्या, हे उलट टपाली कळवावे.'

साहेब भडकले. "डिक्शनरीत नाही म्हणजे काय! अहो, क्रियापद आहे ते! दुर्मीळ आहे, पण आहे!" त्या दिवशी त्यांनी मला डिक्शनरी छापणाऱ्यांच्या नावे चार पानी पत्र टाइप करायला लावलं. आकृतीसहित!

वसंता मात्र मास्तरांचं पत्र हातात घेऊन बराच वेळ विचार करत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, सुरुंगाचं लिवा. जरा वट वाटंल."

*

आता वसंताची एक खोड सांगायला हवी. कथील पुरतं निघालं की नाही हे बघायला तो पत्र्यावर अंगठ्याचं नख ओढायचा. चकाकी निघाली तर परत टाकीत. वर्षानुवर्षांची सवय. चकाकणारं काही दिसलं की नख आपोआप चालायचं. एसटीच्या दांड्यावर, हॉटेलातल्या पेल्यावर, एकदा तर साहेबांच्या स्कूटरवर!

आम्ही स्थळ बघायला हमरापूरला गेलो. घर गणपतीवाल्यांचं. ओटीवर, खोलीत, जिन्यावर, जिथे तिथे गणपती. श्रावण चाललेला, मूर्ती रंगवून तयार. घरच्यांना वसंता आवडला. मुलीची आजी तर म्हणाली, "पोर गरीब दिसतंय गो." मी मनातल्या मनात पत्रिका छापायला टाकली.

वसंताला बसवलं होतं एका मोठ्या मूर्तीशेजारी. चांदीच्या रंगाचा मुकुट, झकास! मी मुलीच्या आईशी बोलतेय, आणि मला ऐकू आलं, खर्रर्र.

बघते तर मुकुटावर बोटभर लांब पांढरी रेघ! खालची माती उघडी. आणि वसंता त्या रेघेकडे निरखून बघत म्हणतोय, "ताई, एका धुण्यात निघंल बघा हे."

आजी किंचाळली, "अगो धावा! देवाचा मुकुट उतरवतोय गो हा!"

चहा यायच्या आधी आम्ही हमरस्त्यावर होतो.

*

पुढचं स्थळ चांगलं होतं. एवढं चांगलं की मुलीचे आजोबा स्वतः चौकशीला कंपनीत आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात तपकिरीची पत्र्याची डबी. मी त्यांना चहा दिला, वसंताबद्दल चार गोड शब्द सांगितले, निम्मं काम फत्ते! एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले.

"या या! आपण प्रोसेस समजून घ्यायला आलात ना?"

"नाय, मी मुलगा..."

"बसा!"

पाऊण तास फळ्यावर आकृत्या. आजोबा दोनदा पेंगले. तेव्हा साहेब म्हणाले, "थिअरी राहू द्या. प्रत्यक्षच दाखवतो. ती डबी द्या इकडे." आजोबांना कळायच्या आत डबीतली तपकीर कागदावर आणि डबी टाकीत! मी मागून हातवारे करत होते, पण साहेब प्रोसेसमध्ये गेले की त्यांना बाहेरचं दिसत नाही.

अर्ध्या तासाने वसंताने चिमट्याने डबी बाहेर काढली, पाण्यात बुचकळली आणि अदबीने आजोबांच्या हातावर ठेवली. काळंभोर उघडं लोखंड. आजोबांनी ती उलटी केली, सुलटी केली.

"यावर ताजमहाल होता."

वसंताने चिमटा हळूच पाठीमागे धरला.

"माझ्या मोठ्या भावानं आग्र्याहून आणली होती. झाकणावर ताजमहाल होता. कुठं गेला?"

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि टाकीकडे बोट दाखवलं. "सोल्युशनमध्ये."

*

आता शेवटचं. कुंदाचं.

दोन वर्षं झाली होती. वसंताची आई थकली होती, आणि खरं सांगते, मीही थकले होते. वसंता तर म्हणायला लागला होता, "ताई, ऱ्हाऊ द्या आता." ते ऐकून माझा जीव तुटायचा. अशात रोह्यापलीकडच्या एका गावातून स्थळ आलं. भाताची आणि वालाची शेती. मुलीचे वडील हरीभाऊ, गावात मान असलेला माणूस, पण तापट.

हरीभाऊंनी एकच प्रश्न विचारला, "दारू पितो?"

"नाय," वसंता म्हणाला.

"झालं तर!"

काय काम करतो हे विचारलंच नाही! मी खालच्या मानेने पोहे खाल्ले, तोंड उघडलं नाही. कुंदा पोहे ठेवून गेली. तिने वसंताकडे पाहिलं नाही, वसंताने ताटलीतून मान वर केली नाही. दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही, आणि साखरपुडा ठरला. वसंताच्या आईने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

साखरपुड्याच्या आठ दिवस आधी वसंता हरीभाऊंकडे निरोप द्यायला गेला. तिथे पडवीत गावकीची भांडी मांडून ठेवलेली. गावकीची म्हणजे सगळ्या गावाने मिळून घेतलेली. कुणाच्याही घरी कार्य असलं की हीच भांडी न्यायची. पितळेची तीन अवजड पातेली, वर्षानुवर्षांच्या चुलीने बाहेरून काळी ठिक्कर. ती सांभाळायचा मान हरीभाऊंचा. वसंताला वाटलं, होणाऱ्या सासऱ्यासाठी काहीतरी करावं. म्हणाला, "मामा, ही मी कंपनीत धुऊन आणतो. सोन्यासारखी करतो." हरीभाऊ खूश!

टेंपोतून पातेली कंपनीत आली. साहेबांना तर सणच! "वसंता, पितळेवर आपण कधी ट्रायल घेतलेली नाही!" दोन दिवस कंपनीचं काम बाजूला. टाकी, करंट, पाणी, वरून चिंच लावून घासणं. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. पातेली बाहेर आली ती काय सांगू! आतून-बाहेरून पिवळी धमक, तोंड बघून घ्यावं!

आतून-बाहेरून.

अहो, कल्हई काढणं हा ज्या कंपनीचा एकमेव धंदा, त्या कंपनीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की आतून कल्हई गेली! वसंताच्या नाही, साहेबांच्या नाही. आणि मी? मी रोज दोन वेळा स्वयंपाक करणारी बाई! पण माझ्या घरात तोवर सगळं स्टीलचं झालेलं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सगळी कंपनी टेंपोत बसून गेली. सत्तर-ऐंशी पान. स्वयंपाकाला कुंदाचा काका, गावचा हातखंडा आचारी. त्याने पातेल्यात डोकावून विचारलंही, "आतून पिवळं कसं हे?" साहेब तिथेच उभे, टाय लावून. म्हणाले, "काका, केमिकली क्लीन आहे! डोळे मिटून वापरा!" टायवाला माणूस म्हणतोय म्हटल्यावर काका गप्प बसला. एका पातेल्यात भात शिजवला आणि दुसऱ्यात वालाचं बिरडं, भरपूर आमसुलं घालून.

साखरपुड्याची वेळ झाली. कुंदाला पाटावर बसवायचं, एवढ्यात मागच्या दारी आरडाओरडा. उघड्या पितळेत आमसुलाचं बिरडं कळकलं! वर हिरवट तवंग, आणि काकाने थेंबभर जिभेवर ठेवून थुंकलं. "तांब्याचा पैसा चोखल्यागत लागतंय! फेका!" कुणीतरी पातेलं तिरकं केलं आणि सगळ्या गावाने आत पाहिलं.

हरीभाऊ मांडवात आले ते लालबुंद होऊन. "गावकीची भांडी! गेल्याच महिन्यात कल्हई लावून घेतली होती मी! सगळं गाव उपाशी बसवलं! कुणी केलं हे? कुणी सांगितलं होतं आतून हात लावायला? नाव सांगा, नायतर हा साखरपुडा व्हायचा नाय!"

वसंताच्या आईने माझा दंड धरला. दोन वर्षांचं सगळं, आणि ते या एका पातेल्यापायी!

साहेब उभे राहिले. "जबाबदारी माझी. प्रोसेस पॅरामीटर..."

"तुम्ही बसा!" हरीभाऊ ओरडले. साहेब बसले.

मी उठले. "हरीभाऊ, चूक माझी. मी बाईमाणूस असून..."

"तुम्ही पन बसा!"

आणि दारातून आवाज आला. "मी सांगितलं."

कुंदा! हिरवी साडी, हातात साखरेची पुडी तशीच. तिची आई म्हणाली, "गो कुंदे, काय बोलतेस?"

"मीच सांगितलं यांना. आतून पन घासा म्हटलं. मला काळी भांडी बघवत नायत."

हरीभाऊंचं उगारलेलं बोट खाली आलं. पोटच्या पोरीचीच चूक म्हटल्यावर साखरपुडा कुणाचा मोडणार! ज्या माणसाशी एक शब्द बोलली नाही, त्याच्यासाठी पोरगी अख्ख्या गावासमोर खोटं बोलत होती. मी मनात म्हटलं, सुटलो!

तेवढ्यात वसंता पाटावरून ताडकन उठला. सत्यवचनी! छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, "नाय हो मामा! हिनं कायपन सांगितलं नाय! हिचा न् माझा संबंधच काय? आमी तर अजून बोललो पन नाय!"

कुंदाने त्याच्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुम्ही गप बसा हो!"

वसंता गप बसला.

हरीभाऊंनी कुंदाकडे पाहिलं. वसंताकडे पाहिलं. खाली घातलेली त्याची मान पाहिली. मग काकाकडे वळून म्हणाले,

"भात बरा हाय ना? मग तूप-साखर घे नि वाढ. साखरपुडा कसला करताय? ह्यांचं लगीन लागलं!"